फाइल आहे, पण मराठी दिसत नाही

बेळगावातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात १९३५ सालची स्मरणिका हाताला लागली, तर कागद पिवळा पडलेला असेल, कडा चुरत असतील, कसर लागलेली असेल. पण मजकूर वाचता येतो. आता १९९८ सालचा एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा वार्षिक अहवाल घ्या. तो संगणकावर जुळवलेला, आणि त्याची फाइल छापखान्यात अजून सापडूही शकते. ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं आणि डोक्यावर टोपी घातलेली फ्रेंच अक्षरं अशी सगळी गिचमीड दिसते. नव्वद वर्षांचा कागद वाचता येतो आणि पंचवीस-तीस वर्षांची फाइल वाचता येत नाही. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते सांगतो.

सध्या जुन्या इंटरनेटच्या आठवणी काढायची चांगलीच हौस दिसते. मोडेम जोडतानाची ती किरकिर, याहू मेसेंजर, ऑर्कुटवरचे स्क्रॅप, विंडोज ९८ सुरू होतानाचा सूर. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात ज्यांची कॉलेजची वर्षं २००० च्या आसपास गेली, त्यांना सायबर कॅफेतली प्लायवूडची खोकी आणि तासाचा दर आठवत असेलच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली बेळगावातच सुरू झालं. इंटरनेटवर निकाल लागायला लागले तशी निकालाच्या दिवशी कॅफेत कशी झुंबड उडायची, ते इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा. मीही या आठवणींत रमतो. पण त्या हरवतील अशी मला फारशी धास्ती वाटत नाही. त्या जगभर सारख्याच होत्या आणि जगभरच्या हौशी माणसांनी त्या जपून ठेवल्यात. मोडेमचा आवाज आजही यूट्यूबवर ऐकायला मिळतो. हरवतंय ते निव्वळ आपलं आहे: साधारण १९९० ते २०१० या काळात संगणकावर उमटलेली मराठी.

आधी वेबपानांबद्दल थोडक्यात. आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या त्या वेळच्या सरकारी कंपनीमार्फत. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत जिओसिटीज सुरू झालं होतं. तिथं कुणालाही फुकट स्वतःचं पान थाटता यायचं. हलती चित्रं, लुकलुकणाऱ्या पाट्या, पान किती जणांनी पाहिलं ते सांगणारा आकडा, सगळा बाजार भरलेला. याहूनं ते १९९९ साली विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकलं. बंद होण्याआधी ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांनी जमेल तितकी पानं उतरवून घेतली आणि पुढं सहाशे जीबीहून मोठा तो साठा सगळ्यांना खुला केला. आपल्या लाडक्या ऑर्कुटनं ३० सप्टेंबर २०१४ ला दुकान बंद केलं. अशी बंद पडणारी पानं साठवण्याचं सगळ्यात मोठं काम करते ती ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था. तिची ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सगळ्यांना फुकट वापरता येते. जुन्या पानाचा पत्ता घालायचा, साल निवडायचं, पान समोर.

आता एखाद्या मराठी वृत्तपत्राचं २००१ च्या आसपासचं पान तिथं शोधा. पान असतं, पट्ट्या असतात, छोटे फोटोही कधीकधी असतात. बातमी मात्र गिचमीड. म्हणजे साठवणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलंय, तरी आपल्या पदरात काही पडत नाही.

याचं मूळ फॉन्टमध्ये आहे. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६. तो आकडा पडद्यावर कुठल्या आकारात दाखवायचा हे फॉन्ट ठरवतो. नव्वदच्या दशकात नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फॉन्टला फार तर २५६ जागा मिळायच्या आणि त्यातल्या काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी अडवलेल्या असायच्या. मराठीसाठी वेगळी सोय नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार नेऊन बसवायचे. शिवाजी फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द साठवला जायचा तो एम, ए, आर, ए, झेड आणि कॅपिटल आय या सहा इंग्रजी अक्षरांत. फॉन्ट लावलेला असेल तर ‘मराठी’, फॉन्ट काढला तर ‘मराझी’सारखं काहीतरी. संगणकाच्या लेखी तो मजकूर कधी मराठी नव्हताच.

त्या सहा अक्षरांकडं जरा निरखून बघा. ‘म’ साठी एम आणि ए अशी दोन अक्षरं लागली, कारण एम म्हणजे अर्धा म आणि ए म्हणजे उभा दंड. स्वर, व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या असं सगळं २५६ जागांत मावत नाही, म्हणून अक्षरांचे तुकडे केले. हाच दंड पुढं ‘रा’ मध्ये काना म्हणूनही वापरला. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला ही पद्धत ओळखीची होती. तो शब्दाचा उच्चार बघत नाही. कुठला आकार कुठल्या आकाराशेजारी नीट बसतो ते बघतो. जुने मराठी फॉन्ट याच नजरेनं घडवलेले होते आणि छपाईसाठी ते उत्तम होते, अजूनही आहेत. त्यातल्या काही फॉन्टांची वळणं आजच्या फुकट मिळणाऱ्या फॉन्टांपेक्षा देखणी आहेत, असं माझं मत आहे.

अडचण अशी की श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण, प्रत्येकाचा नकाशा निराळा. एकाकडं जो आकडा ‘म’चा, तोच दुसऱ्याकडं ‘ळ’चा किंवा नुसत्या मात्रेचा. त्यामुळं फाइल एका फॉन्टमध्ये लिहिलेली आणि संगणकावर दुसराच मराठी फॉन्ट असला, तर इंग्रजी गिचमिडीऐवजी मराठी गिचमीड मिळते एवढाच फरक.

सरकारी पातळीवर यावर उपाय झाला नव्हता असं नाही. इस्की नावाची भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण संकेतपद्धती १९९१ साली ठरली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढं पुण्याच्या सीडॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान त्याच वाटेनं जाणारं होतं. त्यात आकार नव्हे तर अक्षर साठवलं जायचं. पण विंडोजला आणि छपाईची पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला इस्की कळत नव्हती, आणि छापखान्याला उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते. त्यानं फॉन्ट घेतला.

वेबवर हीच युक्ती चालली आणि तिथं आणखी एक गोम झाली. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर काय? मराठी साइटवर पहिल्याच पानावर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी असायची. ५६ केच्या मोडेमवर सेकंदाला फार तर सात केबी उतरायचे, त्यामुळं तेवढ्या फॉन्टलाही ताटकळावं लागायचं. शिवाय कॅफेचा मालक आपल्या मशीनवर काही घालू द्यायचा नाही. मग ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले, जे पानाबरोबर आपोआप उतरायचे. इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक जात, नेटस्केपसाठी दुसरी. एक्सप्लोररवाल्या फॉन्टला त्या साइटच्या पत्त्याशी बांधून टाकायची सोय होती, म्हणजे चोरी नको. वेबॅक मशीनवर पानाचा पत्ता बदललेला असतो, ते ब्राउझर कधीच निजधामाला गेले, फॉन्टची फाइल कित्येकदा साठवलेलीच नसते. म्हणून पान आहे आणि बातमी नाही.

जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा आकडा देणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीनं हे सगळं बदललं. पहिली आवृत्ती १९९१ ची; देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली. विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये सरळ वापरता येऊ लागली. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ती युनिकोड. पण पेजमेकरला युनिकोड मराठी कधीच जमली नाही, त्यामुळं छापखान्यांत जुने फॉन्ट पुढं कितीतरी वर्षं चालले. काही ठिकाणी अजून चालतात.

मग जुनी फाइल युनिकोडमध्ये का बदलून घेऊ नये? घेता येते, त्यासाठी कन्व्हर्टर आहेत. पण ते नुसतं या आकड्याऐवजी तो आकडा असं काम नाही. ‘वार्षिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्याला दिसतो त्या क्रमानं साठवलेला असतो: व, काना, मग वेलांटी, मग ष, त्याच्यावर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमानं जातो: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी उचलून ष च्या नंतर न्यायची आणि रफार उचलून ष च्या आधी आणायचा. जोडाक्षर असेल तर वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारावी लागते. काही फॉन्टांत रफार आणि दीर्घ वेलांटी मिळून एकच तुकडा केलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. यात एक पाऊल चुकलं की ‘वार्षिक’चं काहीतरी भलतंच होतं.

त्यातून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला कन्व्हर्टर असला तर मराठीला खास दणका बसतो. ‘सांबऱ्याला विमान उतरलं’ यातला ‘ऱ्या’ हिंदीत नाही. असा कन्व्हर्टर त्याचा रफार करतो आणि सांबरा विमानतळाचं ‘सांबर्याला’ होऊन बसतं. शेतकऱ्यांचं शेतकर्यांचं होतं. वाचताना माणूस सांभाळून घेतो, पण शोधताना संगणक सांभाळून घेत नाही.

आता सीमाभागातली खास गोष्ट. आपल्याकडच्या डीटीपी सेंटरात, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानात, एकाच मशीनवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरह असं नेहमीच असायचं. नुडी कन्नड गणक परिषदेचं, बरह १९९८ पासूनचं. त्या काळात कन्नडलाही तीच २५६ जागांची युक्ती वापरलेली. पतसंस्थेचा अहवाल घ्या: ताळेबंद आणि निबंधकांना जाणारा भाग कन्नडमध्ये, अध्यक्षांचं मनोगत आणि सभासदांसाठीची सूचना मराठीत. फाइलमध्ये दोन्हींचे आकडे तेच. हा परिच्छेद मराठी की कन्नड, हे फक्त त्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून कळतं. कुणी घाईत सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला, की फॉन्टचं नाव गळून पडतं. उरतात नुसते आकडे. कुठं मराठी संपते आणि कुठं कन्नड सुरू होते, हे मग कुठलाच कन्व्हर्टर सांगू शकत नाही. पुण्या-मुंबईच्या कन्व्हर्टरवाल्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. आपल्याला पडतो. म्हणून इथली जुनी फाइल वाचवताना पहिला नियम असा की ती जशीच्या तशी ठेवायची. मजकूर तेवढा काढून घेऊन मूळ फाइल पुसायची नाही.

शहापूरच्या एका डीटीपी ऑपरेटरांशी बोलताना त्यांनी सगळं दुखणं एका वाक्यात सांगितलं: “फाइल हाय की ओ, फॉन्ट गेला मशीनबरोबर.” छापखान्यात जुनं मशीन बंद पडलं की ग्राहकांच्या फाइली सीडीवर घेतल्या जातात, पण विंडोजचं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर कुणाच्या ध्यानात येत नाही. मशीन भंगारात जातं.

साठवणीच्या साधनांचं दुखणं वेगळंच. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. खानापूरकडचा पाऊस आणि जून ते सप्टेंबर भिंतींना सुटलेली ओल यांत फ्लॉपीच्या तबकडीवर बुरशी धरते. पत्र्याची झडप बाजूला सारून आतली तपकिरी तबकडी बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं डोकं खराब होईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतील. स्वच्छ दिसली तर आधी कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे ड्राइव्ह तिच्यावर काही लिहू शकणार नाही. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हानं आणि उष्म्यानं उडतो. जुनी आयडीई हार्ड डिस्क मात्र अनेकदा बऱ्या अवस्थेत निघते. तिला यूएसबीला जोडणारा ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो. तीनही बाबतींत एकेक फाइल उघडत बसण्याऐवजी आधी सबंध डिस्कची प्रतिमा काढायची, म्हणजे बिट न् बिट नक्कल, आणि मग त्या नकलेवर काम करायचं. खराब भाग टाळत, परत परत प्रयत्न करत प्रतिमा काढणारी ‘डीडीरेस्क्यू’सारखी साधनं फुकट आहेत.

फाइल हातात आली की पुढचा अडसर पेजमेकरचा. ॲडोबीनं त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली काढली. आजचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत नाही, सीएस६ पर्यंतचं उघडायचं. लिबरऑफिस मात्र उघडतं, तेही फुकट. मांडणी थोडी हलते पण मजकूर मिळतो. त्याच नावाचा फॉन्ट संगणकावर असेल तर मराठीही दिसते.

जुनी यंत्रं जपण्याची हौस इथं कामाला येते. विंडोज ९८ चं सबंध मशीन आजच्या संगणकाच्या पोटात चालवणारे ८६बॉक्ससारखे एम्युलेटर आहेत, आणि नुसत्या वाचण्यासाठी ते पुरतात. पण त्या काळच्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरना डोंगल असायचा, प्रिंटरच्या पोर्टला मागं लावायची डबीएवढी किल्ली. ती नसेल तर सॉफ्टवेअर हलत नाही, आणि एम्युलेटरमध्ये ती सहसा चालत नाही. म्हणून प्रिंटरचं पोर्ट असलेलं एखादं खरं जुनं मशीन, डोंगलसकट, तालुक्यात कुणाकडं तरी चालू असायला हवं. घरच्यांना ती अडगळ वाटते. वाटू दे की. सॉफ्टवेअर आणि फॉन्ट विकतचे आहेत हे मात्र विसरू नये. स्वतःच्या फाइली वाचण्यासाठी जपणं वेगळं आणि फॉन्ट इंटरनेटवर वाटत सुटणं वेगळं.

आता थोडं हौशी लोकांना न आवडणारं. छापील प्रत सापडत असेल तर फाइलच्या मागं लागू नका. प्रत नीट स्कॅन करा, ३०० डीपीआयला, आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर, चालवा. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गूगल ड्राइव्हही ओळखतं. छपाई स्वच्छ असेल तर जुनी फाइल सोडवण्यापेक्षा हे लवकर होतं आणि मुद्रितशोधन दोन्हीकडं करावंच लागतं. फाइलचा खटाटोप करायचा तो छापील प्रत उरलेली नाही तिथं, किंवा छापताना जागेअभावी गाळलेला मजकूर फाइलमध्ये असेल तिथं.

आणि असा मजकूर आपल्याकडं भरपूर आहे. २००० साली बेळगावात य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा डीटीपी चांगलं रुळलेलं होतं. अशा मोठ्या संमेलनाचा कागद चार ठिकाणी जपला जातो. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या ग्रामीण संमेलनांच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, तालमींच्या शतकमहोत्सवाची पत्रकं, शाळांची हस्तलिखितावरून टंकलेली वार्षिकं कुठल्या ग्रंथालयाच्या यादीत नसतात. त्यांत गल्लीतल्या वर्गणीदारांची नावं असतात, गावाच्या यात्रेचा खर्च असतो, कुणीतरी आजोबांनी एकदाच लिहिलेला गावाचा इतिहास असतो. १९५६ पासून पुरावे गोळा करत आलेल्या सीमाभागाला जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. फाइलही त्याच कागदांत धरायला हवी एवढंच.

मोडीत लिहिलेली कागदपत्रं आपल्या घराघरांत आहेत आणि ती वाचणारी माणसं अजून तयार होतायत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. जुन्या फॉन्टमधली फाइल वाचायचे वर्ग कुणी घेत नाही. तिची किल्ली आहे त्या वेळच्या ऑपरेटरांकडं, जे आता पन्नाशी-साठीत आहेत. कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरला, ‘शेवटचा’ आणि ‘शेवटचा नवीन’ अशा नावांच्या दोन फाइलींपैकी छापायला कुठली गेली, हे त्यांनाच माहीत असतं.

तेव्हा तुमच्या मंडळाचं, वाचनालयाचं किंवा संस्थेचं काम ज्या छापखान्यात व्हायचं तिथं या आठवड्यात एक चक्कर मारा. मालकांना तीन गोष्टी मागा: आपल्या कामाच्या मूळ फाइली, त्या वाचण्यापुरत्या त्या वेळच्या फॉन्टांची नक्कल, आणि जमल्यास त्या ऑपरेटरांचा दहा मिनिटं वेळ. ते सांगतील ते एका साध्या युनिकोड टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा: फाइलचं नाव, साल, सॉफ्टवेअर, फॉन्टचं नाव, कुठली पानं कन्नडमध्ये. सगळं मिळून पेन ड्राइव्हचा कोपराही भरत नाही. एक प्रत संस्थेच्या संगणकावर, एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या कार्यकर्त्याकडं ठेवा. कन्व्हर्टर पुढं बघता येईल.